मॉडेल टीचा ट्रक करताना ब्रेक विसरू नका

फोर्ड मॉडेल टी या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारीची चासी (खालचा सांगाडा) मधे कापून तुकडा वेल्ड केला की ट्रक तयार, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. इंजिन तेच २० अश्वशक्तीचं चालतं, एवढं मात्र खरं. त्या काळच्या 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' कीटमध्ये मूळ चासीला जोडून वेगळी भक्कम फ्रेम बसायची. मागची चाकं काढून त्या जागी दातेरी चक्रं लावायची आणि तिथून दोन साखळ्या मागच्या नव्या, जाडजूड ॲक्सलची चाकं फिरवायच्या. भार नव्या ॲक्सलवर, जुना फक्त ताकद पुढे पोचवणारा. किती साधी आणि सुरेख युक्ती! १९१७ मध्ये फोर्डनेच मॉडेल टीटी हा एक टनी ट्रक आणला. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०० इंचांवरून १२४, मागे वर्म ड्राइव्ह (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं चक्र), आणि गिअरचं प्रमाण टीच्या जवळपास दुप्पट. म्हणून तेच इंजिन ओझं ओढू शकलं, अर्थात वेग घालवून.

पण या सगळ्यात ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही. टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्समधल्या ड्रमवर असतो. साखळीच्या गाडीत एक साखळी तुटली तरी डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मोकळा फिरतो आणि तो ब्रेक गेलाच. जोडीला जास्तीचा गिअरबॉक्स बसवलात आणि उतारावर तो न्यूट्रलमध्ये राहिला, तरी तेच. त्यामुळे चासीला हात लावण्याआधी मागच्या चाकांवर स्वतंत्र, दमदार ब्रेक बसवा, ही कळकळीची विनंती.