रेडियस पडला तर पडू दे?

तिसरी_पाळी:
रेडियस म्हणजे नेटवर्कवरची लॉगिनं तपासणारा सर्व्हर. त्यातल्या बगांबद्दल ‘निवांत’ यांनी काल लिहिलंय, "डिनायल ऑफ सर्व्हिस (सेवा बंद पाडणं) म्हणजे काही सिक्युरिटी होल नव्हे. चोरीला काही जात नाही. रेडियस पडला तर सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) उठवतो. उगाच धोक्याचा दहापैकी ७.५ आकडा लावून लोकांना पळवतात." डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो.

फ्रीरेडियस या फुकट रेडियस सर्व्हरचा २००३ चा बग आठवा. पॅकेटातल्या प्रत्येक ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे माहितीच्या तुकड्यात, एक बाइट प्रकाराचा, एक लांबीचा, पुढे मजकूर. टनेल-पासवर्ड नावाच्या ॲट्रिब्यूटमध्ये त्या मजकुराचा पहिला बाइट टॅगचा, म्हणजे गट सांगणारा. आता लांबी लिहा २ (प्रकार आणि लांबी यांचेच दोन बाइट), म्हणजे मजकूर शून्य. कोड त्यातून टॅगचा एक वजा करतो, उरलं उणे एक. मेमरी कॉपी करणाऱ्या मेमकॉपीला उणे कळत नाही. ती ते अवाढव्य आकडा समजून कॉपी करत सुटते. डेमन, म्हणजे मागे चालणारा सर्व्हर प्रोग्राम, आडवा, एका पॅकेटात. वर हाच बग २००९ मध्ये १.१ मालिकेत परत उगवला, तो १.१.८ मध्ये बुजवला. यात चोरी काय झाली? काहीच नाही. फक्त कुणालाच लॉगिन होत नव्हतं!

निवांत:
पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मढी उकरू नका. आणि शेअर्ड सिक्रेट (स्विच आणि सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द) नसताना बाहेरचा माणूस पॅकेट पाठवणार कसं?

तिसरी_पाळी:
साध्या ॲक्सेस-रिक्वेस्टमध्ये, म्हणजे लॉगिनच्या विनंतीत, सिक्रेट वापरून केलेली सही, मेसेज-ऑथेंटिकेटर, सक्तीची नव्हती. सर्व्हर बघायचा फक्त कुठल्या आयपीवरून आलं ते. यूडीपी आहे हो, आधी जोडणी न करता पॅकेट जातं, त्यामुळे पाठवणाऱ्याचा आयपी खोटा लिहिता येतो. २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस हा रेडियसवरचा हल्ला समोर आला तेव्हा कुठे लोकांनी ती सक्तीची करायला घेतली.

सिक्रेट_शोधक:
सिक्रेटचा विषय निघालाच आहे तर विचारतो: इथे किती जणांच्या कॉन्फिगमध्ये अजून testing123 हेच सिक्रेट आहे? हात वर करा. मी जिथे जिथे गेलो तिथे हेच. सगळ्या स्विचेसना एकच, तेही नमुना फाइलमधून उचललेलं.

कोपरा:
‘testing123’ हे लोकलहोस्टच्या (त्याच मशीनवरच्या चाचणीच्या) नमुन्यात असतं, आणि ते तिथेच ठेवायचं असतं. पुढे नेणाऱ्याची चूक.

सिक्रेट_शोधक:
चूक कुणाची ते नका सांगू, आहे की नाही ते सांगा. मी एकदा बदला म्हटलं तर उत्तर आलं, "दोनशे स्विच आहेत, कोण फिरणार?" दोन वर्षांनी ब्लास्ट-रेडियस आलं, तेव्हा तेच साहेब मला विचारतात, आता काय करू!

कोपरा:
ब्लास्ट-रेडियसला सिक्रेट लागतच नाही. हल्लेखोर स्विच आणि सर्व्हरच्या मधे बसतो आणि एमडी५ ची टक्कर घडवतो, म्हणजे त्या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच आणतो. तुमचं सिक्रेट साठ अक्षरी असतं तरी फरक पडला नसता. माहिती नसेल तर दमानं घ्या.

सिक्रेट_शोधक:
म्हणून testing123 चालतं? वा. मग दारालाही कडी नको, भिंत फोडता येतेच की.

निवांत:
मूळ मुद्दा माझा होता. दोन सर्व्हर ठेवा, एक पडला तर दुसरा आहे. कशाला एवढा आरडाओरडा?

तिसरी_पाळी:
उत्तर आलं नाही की स्विच तीच रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरला पाठवतो. विषारी पॅकेट असेल तर दुसराही त्याच घासाला आडवा. सिस्टिमडीचं म्हणाल तर डिफॉल्टमध्ये दहा सेकंदांत पाच वेळा उठवून तो हात झटकतो.

माझं सांगतो. रात्री पावणेतीनला रेडियस बसला. स्विचवर शिरून बघावं, तर स्विचचं लॉगिनही रेडियसवर. रेडियस मेला की चालणारा लोकल पासवर्ड होता, पण तो ज्याला माहीत होता तो नोकरी सोडून गेलेला. शेवटी त्याला झोपेतून उठवलं. त्याच्या बायकोनं फोन उचलला, त्यापुढचं लिहीत नाही.

निवांत:
लोकल पासवर्ड लिहून ठेवला नाही ही तुमची ढिलाई, बगची नाही.

तिसरी_पाळी:
ढिलाई होतीच. पण ती आतल्या खात्याची. पॅकेट पाठवणाऱ्याला लॉगिनचं खातंसुद्धा लागलं नाही.

निवांत:
बरं, दुसऱ्या सर्व्हरचा मुद्दा घेतला, तो मी धरला नव्हता. पॅच टाकतो. रीस्टार्टची ओळ मात्र काढणार नाही, आणि ७.५ ला मी नाटकच म्हणणार.

सिक्रेट_शोधक:
पॅच टाकताय तर जाता जाता clients.conf (सिक्रेटं असतात ती फाइल) पण उघडा. काय निघालं ते इथे लिहा.

कोपरा:
याला कुणी आवरा रे.