मेडिसिन लेकवर बर्फातली मासेमारी: या शनिवारी जावं की नको?

प्लायमथकर: मिनेसोटात नवीन आहोत. मुलगा नऊ वर्षांचा, आइस फिशिंगसाठी डोकं खातोय. शेजारी म्हणतो, तळ्याकाठच्या फ्रेंच पार्कसमोर ६ इंच बर्फ लागला. पण मधे दोन दिवस ऊन पडून वरचं हिम ओलं झालं, मग पुन्हा गोठलं. जाण्यात अर्थ आहे का? मासे तरी लागतात, की नुसतं कुडकुडायचं?

रापणकर: बिनधास्त जा राव. डीएनआर, म्हणजे इथलं सरकारी खातं, पायी चालायला ४ इंच पुरे म्हणतं. तुमच्याकडे ६ आहेत.

विदर्भकन्या: ते ४ इंच नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचे, हे सांगायचं राहिलंच की! ओलं हिम गोठून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा. ६ पैकी वरचे ३ पांढरे असतील तर हिशेबाला साडेचारच धरा. आणि २९ डिसेंबर २०२३ला उत्तर मिनेसोटातल्या अप्पर रेड लेकवर काय झालं? बर्फाचा तुकडा सुटला, शंभरावर माणसं अडकली. तेही सगळे रोजचे जाणारेच असतील. लेकराला घेऊन कशाला विषाची परीक्षा?

रापणकर: ताई, रेड लेक म्हणजे समुद्रच. तिथे वारा बर्फ ढकलत नेतो. मेडिसिन लेक जेमतेम ९०० एकरांचं, चहूबाजूंनी घरं. त्याची भीती याला लावू नका.

ऑगरवाला: रेड लेकचं रापणकर बरोबर बोलले. पण इथला धोका वेगळा आहे, त्यावर कोणीच बोललं नाही. नैऋत्येला प्लायमथ क्रीक तळ्यात येते, दुसरीकडून बासेट क्रीक बाहेर पडते. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ राहतो, आणि वर हिम असलं की दिसतही नाही. रस्त्यावरचं पाणी सोडणारे पाईप, धक्क्याभोवती पाणी गोठू नये म्हणून लावलेली यंत्रं, तिथेही तेच. शेजाऱ्याचे ६ इंच त्याच्या भोकापुरते.

लोखंडी पहार घेऊन चाला. पाऊल टाकण्याआधी पुढे जोरात हाणा. टणक ‘ठक्’ आला तर पुढे. एक-दोन घावांत पाणी वर आलं तर आलात त्याच वाटेनं मागे. दर दीडशे फुटांवर ऑगरनं, म्हणजे बर्फाच्या गिरमिटानं, भोक पाडून टेपनं मोजा आणि कडेनं बघा, काळपट-पारदर्शक थर किती नि दुधाळ किती. दुधाळ अर्धाच मोजायचा. जाकिटावर लाइफ जॅकेट, गळ्यात बर्फाला रोवायचे खिळे. पडलात तर श्वास ताळ्यावर यायला मिनिटभर जातं आणि हातपाय जेमतेम दहा मिनिटं चालतात. तेवढ्यात आलात त्या बाजूला तोंड करून, खिळे रोवून, पोटावर सरपटत बाहेर.

विदर्भकन्या: आणि एवढा कुटाणा कशासाठी? बोटभर सनफिशसाठी?

ऑगरवाला: क्रॅपी पण असते, सांज होताना चावते. बारीक गळाला अळी लावायची. हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात, सोळाच्या आतल्या पोराला परवाना लागत नाही.

रापणकर: चवीचं मात्र ताईंचं बरोबर. सुरमई खाल्लेल्या तोंडाला सपकच लागतं. पण आलं-लसूण-आगळ लावून रव्यात तळलं की पोरं ताट पुसून खातात. नॉर्दर्न पाईक लागला तर काट्यांचा वैताग.

विदर्भकन्या: मोठा पाईक पोराला जपूनच द्या. त्यात पारा साठतो, आरोग्य खात्याचा सल्ला लहान मुलांसाठी जास्त कडक आहे. माझं मत तेच. थंडीची लाट येऊन हफ्ताभर टिकू दे, मग बघा.

प्लायमथकर: शनिवारी एकटा नाही, शेजाऱ्याला घेऊन मोजायला जातो. पोरगा काठावर आईजवळ थांबेल. स्वच्छ बर्फ ४ इंच भरला नाही तर भोकं बघून घरी. ऑगरवाला, पहार इकडे कुठल्या दुकानात मिळते?

ऑगरवाला: मासेमारीच्या कुठल्याही दुकानात ‘स्पड बार’ मागा. मनगटाला बांधायची दोरी आहे ना ते बघून घ्या, नाहीतर बर्फ फुटला की पहार तळाला.