हाकब्रेटवर अ‍ॅडव्हेंटच्या चाली
आल्प्समधील हाकब्रेट हे संतुराच्याच कुळातले लोकवाद्य असल्याने त्यावर अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या) संथ चाली गढूळ होतील, अशी शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. एका सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या सुरावर चढते, आणि नाताळाआधीच्या प्रतीक्षेच्या या गीतांत तर दोन सुरांमधली शांतताच ऐकवायची असते. म्हणून काठीची उघडी लाकडी बाजू टाळून नमदा लावलेल्या बाजूने हलका आघात करावा आणि ओळ संपताच तळव्याने तारा अलगद शांत कराव्यात. १९४६ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्गचे अ‍ॅडव्हेंट-गायन सुरू करणाऱ्या टोबी रायझर यांनी १९३० च्या दशकातच सर्व अर्धस्वर असलेले हाकब्रेट घडवून घेतले होते; त्यामुळे गायकांच्या सोयीची कोणतीही पट्टी त्यावर धरता येते, आणि हे मला फार मोलाचे वाटते.