ड्रिफ्टसाठी ई-३६ : आधी टर्बो की आधी स्टिअरिंगचा कोन?

तिरपीचाल
नमस्कार. गेले दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी मी एक जुनी बीएमडब्ल्यू ई-३६ ३२५आय ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळणावर तिरपी चालवण्यासाठी, तयार करतो आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे अडीच लिटरचे, सहा सिलिंडरचे, १९२ अश्वशक्तीचे एम-५० आहे. डिफरेन्शियल वेल्ड करून घेतला आहे, म्हणजे मागची दोन्ही चाके नेहमी एकत्रच फिरतात, आणि कोइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवले आहेत. बंद ट्रॅकवर तीनदा चालवल्यानंतर दोन अडचणी लक्षात आल्या. लांब वळणावर गाडी तिरपी धरता येते, पण कोन जरा वाढला की स्टिअरिंग शेवटपर्यंत उलट फिरवूनही ती सावरत नाही आणि गरकन फिरते. डाव्या वळणावर हे उजव्यापेक्षा लवकर होते. शिवाय चौथ्या फेरीच्या सुमारास तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागतो. सध्या एकाच मोठ्या कामाची तजवीज आहे. टर्बो बसवावा की स्टिअरिंगचा कोन, म्हणजे पुढची चाके किती वळतात ते, वाढवणारा संच घ्यावा?

जुनाजॅक
टर्बोचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. मागचे टायर अरुंद आणि कडक घेतले, तर १९२ अश्वशक्तीत शिकण्यापुरते घसरणे आरामात होते. ताकद वाढवली की गाडी फिरायची ती फक्त अधिक वेगाने फिरेल. गाडी जितकी तिरपी होते तितकी पुढची चाके उलट वळली पाहिजेत, आणि ती आणखी वळूच शकत नसतील तर चालकाच्या हातात काही उरत नाही. तयार संचांनी हा कोन साठ अंशांच्या आसपास नेता येतो, पण पहिली पायरी म्हणून स्टिअरिंगचा रॅक आणि आतला टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा) यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून पाहावा. त्यानंतर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) नव्याने लावावा लागतो आणि पूर्ण वळलेले चाक कंट्रोल आर्मला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) किंवा आतल्या पत्र्याला घासत नाही ना, हे गाडी जॅकवर असतानाच नव्हे, तर वजन चाकांवर असतानाही तपासावे लागते. कोन वाढवताना टाय रॉड आणि नकलचा (चाक ज्यावर वळते त्या भागाचा) स्टिअरिंग आर्म एका रेषेत येऊ देऊ नयेत. तसे झाल्यास चाक पूर्ण वळलेल्या अवस्थेतच अडकते, आणि ते बहुधा नको त्या क्षणीच अडकते.

डाव्या-उजव्यातला फरक मात्र मला खटकतो. तो स्टिअरिंगचा नसून मागच्या सस्पेन्शनचा असावा.

नटबोल्ट
तापमानाबद्दल दोन शब्द. या गाडीचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबतो, त्यामुळे तो हललेला दिसला म्हणजे इंजिन आधीच चांगले तापले आहे असे धरावे आणि फेरी तिथेच सोडावी. ड्रिफ्टमध्ये इंजिन सतत चढ्या आरपीएमवर असते, गाडीचा वेग त्या मानाने कमी असतो आणि ती तिरपी असल्याने हवा रेडिएटरवर सरळ येत नाही. म्हणून मोठा रेडिएटर घेण्याआधी रेडिएटरच्या कडेच्या फटी बंद कराव्यात, म्हणजे आलेली हवा बगल देऊन निघून जाणार नाही. जुन्या वॉटर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) प्लास्टिकचा असेल तर पंप बदलावा, आणि कूलंट भरल्यावर ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

याहून महत्त्वाची गोष्ट आपण विचारलेली नाही. चढ्या आरपीएमवर राबवलेल्या एम-५० मध्ये ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा (दातेरी चाकाचा) नट सैल होऊन संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडल्याची उदाहरणे आहेत. मग तेलाचा दाब जातो आणि बेअरिंगही जातात. संप उतरवाल तेव्हा तो नट तारेने बांधून घ्या.

तिरपीचाल
दोघांचेही आभार. गाडी स्टँडवर घेऊन मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशपाशी, म्हणजे रबरी जोडापाशी, पहार लावून पाहिली. डावीकडचा बुश जेमतेम हलला. उजवीकडचा रबर मधल्या नळीपासून अर्धा सुटलेला होता आणि पहार दाबली की सगळा आर्म बोटभर बाजूला सरकत होता. डाव्या वळणावर भार उजव्या मागच्या चाकावर येतो, म्हणून डावीकडे वळताना गाडी आधी फिरत होती, हे आता उमगले. दोन्ही बुश पॉलियुरेथेनचे मागवले आहेत.

जुनाजॅक
बुश बदलताना सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन आणि डिफ धरणारी चौकट) जिथे बॉडीला जोडली जाते तिथे भेगा आहेत का, तेही पाहावे. वेल्ड केलेल्या डिफमुळे तिथे धक्के जास्त बसतात. भेग असल्यास आधी मजबुतीची पट्टी वेल्ड करून घ्यावी. नंतर मागचा कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) शून्य ते उणे एक अंश ठेवावा, म्हणजे टायर पूर्ण रुंदीने टेकेल, आणि टो किंचित आत ठेवावा. पुढचा कॅम्बर उणे तीन अंशांपासून सुरू करावा. स्पेसरचे काम या सगळ्यानंतर करावे. दोन बदल एकाच दिवशी केले, तर कोणता लागू पडला हे कळणार नाही.