शब्दचर्चा: परग्रहवासी, परका की उपरा?

शाईपेन: अर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीतल्या काही प्रकरणांचा अनुवाद करताना अडलं आहे. गेन्ली आय हा दूत गेथेन या बर्फाळ ग्रहावर एकटाच उतरतो. 'एलियन'ला 'परग्रहवासी' लिहिलं की वाचक गेथेनच्या लोकांकडे बघतो. ते तर आपल्या घरीच आहेत, परका आहे तो गेन्ली. शिवाय 'वासी' म्हणजे राहणारा. बाहेरून आलेला हा अर्थ त्यात येत नाही. 'परका', 'उपरा', 'आगंतुक' यांपैकी काय घ्यावं?

कानामात्रा: 'उपरा' घ्या. मराठी अंमलातल्या कागदांत मिरासदार आणि उपरी अशी जोडी आहे. उपरी म्हणजे गावात येऊन जमीन कसणारा, पण वंशपरंपरेचा हक्क नसलेला. गेन्लीची स्थिती नेमकी हीच. 'परजीव' वगैरे नवे शब्द मात्र टाळा. गेथेनचे लोकही मूळ मानववंशाचेच आहेत.

रानवारा: नामाचं काहीही ठरवा, खरी अडचण क्रियापदांत आहे. गेथेनच्या माणसाचं लैंगिक चक्र साधारण २६ दिवसांचं. त्यातले २१-२२ दिवस तो ना पुरुष ना स्त्री. उरलेल्या 'केमर'च्या दिवसांत दोन्हींपैकी काहीही होऊ शकतो. इंग्रजीत सर्वनाम सोडलं तर वाक्य लिंगाबद्दल गप्प राहतं. मराठीत 'आला, आली, आलं' यातलं एक लिहावंच लागतं. आणि एस्त्रावेन या गेथेनच्याच पात्राची रोजनिशी तर प्रथमपुरुषी आहे. तिथे 'मी निघालो' की 'मी निघाले'?

शाईपेन: सध्या सरसकट 'तो' ठेवलं आहे. मूळ लेखिकेनेही तेच केलं.

रानवारा: केलं, पण १९७६च्या निबंधात त्याचं समर्थन करून १९८७मध्ये त्याच निबंधाला टिपा जोडत तिने ते मागे घेतलं. याच ग्रहावरची एक कथा १९७५च्या संग्रहात घेताना तर 'राजा' हे पद तसंच ठेवून सर्वनामं स्त्रीलिंगी केली. तेव्हा तिचा आधार घेऊ नका.

पागोळी: मराठीला तिसरं लिंग आहे, ते वापरा की! 'ते आलं' म्हटल्याने माणसाचा अपमान होतो हा प्रमाणभाषेचा समज आहे. कोंकणीत तरुण मुलीला सहज 'तें आयलें' म्हणतात. आणि 'माणूस' पुल्लिंगी असला तरी अनेकवचनात 'माणसं आली' हे नपुंसकलिंगच आहे.

कानामात्रा: छापील मराठीत तर ते आणखी सोपं आहे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यामुळे 'तें आलें' आणि आदरार्थी 'ते आले' दोन्ही एकसारखंच दिसतं. एस्त्रावेन पंतप्रधान आहे; वाचक आदर समजेल, व्याकरण नपुंसक राहील.

रानवारा: पहिल्या पानावरच फुटेल हे. 'ते आले' जुळतं, पण पुढच्या वाक्यात 'त्याने पाहिले' की 'त्यांनी पाहिले'? वर्तमानकाळात 'ते जाते' की 'ते जातात'? सामान्यरूप आलं की मुखवटा उतरतो. आणि नपुंसकाचं 'त्याने, त्याला, त्याचा' पुल्लिंगासारखंच असल्याने अर्धा मजकूर पुन्हा पुरुषाचा वाटतो.

रोजनिशीसाठी वेगळी वाट आहे. सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात कर्त्याचं लिंग दिसत नाही: 'मी गाडी ओढली', 'मी तंबू ठोकला'. भविष्यकाळातही नाही: 'मी जाईन'. गडबड होते ती अकर्मकांत, आणि बोलणे, विसरणे, शिकणे, समजणे अशांत, कारण ती भूतकाळातही कर्त्याबरोबर चालतात. तिथे वाक्य फिरवायचं. 'मी थकलो'ऐवजी 'मला थकवा आला', 'मी विसरलो'ऐवजी 'माझ्या लक्षात राहिलं नाही', 'मी पोहोचलो'ऐवजी 'मी मुक्काम गाठला'. मधल्या दंतकथांच्या प्रकरणांना रीतिभूतकाळ शोभेल. 'जाई, बसे, म्हणे' यांत लिंग नाही, आणि सूर जुन्या कहाण्यांचा लागतो.

पागोळी: पण 'मला थकवा आला, मला भीती वाटली, मला कळलं' असं दहा पानं चाललं तर एस्त्रावेन म्हणजे सगळं ज्याच्यावर ओढवतं असा माणूस होईल. तो तर राजकारण खेळणारा, बर्फातून वाट काढणारा कर्ता माणूस. व्याकरण सांभाळताना पात्र जायला नको. त्यापेक्षा कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात, तो आधार घ्या. तिथे 'आलो' पुरुषाची मक्तेदारी नाही.

कानामात्रा: बोलीतला एक प्रयोग उचलून प्रमाण मजकुरात टाकला तर पुण्या-नागपूरचा वाचक पुरुषच समजणार.

पागोळी: मग त्याला दुसऱ्या पानावर समजेल. प्रत्येक गोष्ट प्रमाण कानाला जुळवून घ्यायची गरज नाही.

शाईपेन: आणखी एक. राजा गरोदर असल्याचं वाक्य आहे, त्यात 'गरोदर' ठेवू का?

रानवारा: ठेवा. 'गर्भवती', 'पोटुशी' स्त्रीलिंगाला बांधलेले आहेत, 'गरोदर' बदलत नाही. पण 'होता' आलंच. 'राजाला दिवस गेले होते' लिहिलं तर तेही सुटतं.

कानामात्रा: 'दिवस जाणे' सुरुवातीच्या महिन्यांसाठी. शिवाय मूळ वाक्याचा धक्का 'राजा' आणि 'गरोदर' हे शब्द शेजारी येण्यात आहे. जाता जाता, 'गरोदर' गुरु आणि उदर यांपासून सांगतात ते संधीत बसत नाही, 'गुरूदर' झालं असतं. मला 'गर्भोदर' जवळचं वाटतं.

पागोळी: तद्भव शब्दाला संस्कृत संधी कशी लावता? प्राकृतात स्वर कुठेही सरकतात.

कानामात्रा: कुठेही नाही, नियमाने सरकतात. 'गुरु'तला उ जाऊन अ कसा झाला, ते एक उदाहरण देऊन दाखवा.

शाईपेन: 'उपरा'वर पुन्हा येऊ का?