मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ च्या विभाजकांना ६४ नं भागलं की बाकी १ च का?

नमस्कार मंडळी, सांगलीतून विचारतेय. नववीतल्या लेकीला २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, या संख्येनं झपाटलंय. फर्मा या गणितज्ञाला वाटलं ही मूळ संख्याच असणार. ऑयलरनं १७३२ मध्ये फोडून दाखवली: ६४१ × ६७००४१७. भागाकार वहीत करून पाहिला, बाकी शून्य. इथवर ठीक.

पण हिच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ नं भागलं की म्हणे बाकी १ च उरते. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पुढचा थेट ६४१! असं का? पुस्तकात नुसतं 'सहज सिद्ध होते' (कुणाला सहज, देव जाणे). तिला फर्माचं छोटं प्रमेय (p मूळ असेल आणि a ला p नं भाग जात नसेल, तर a च्या p−१ व्या घाताला p नं भागलं की बाकी १) येतं, तेवढ्यावर कुणी समजावेल का? विश्रामबाग-मिरजेकडे गणिताचे कुणी सर असतील तर तेही सुचवा, रविवारी घेऊन जाईन.