दुसऱ्या भाषेचा उच्चार : व्यक्तीचा कान मोठा की मातृभाषेचे वळण?

धागाकर्ता : अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि त्यांचा धाकटा भाऊ वॉल्टर १९३८ साली आईवडिलांबरोबर जर्मनी सोडून अमेरिकेत आले, तेव्हा हेन्री पंधरा वर्षांचे होते आणि वॉल्टर जेमतेम वर्षाने लहान. मातृभाषा, घर आणि स्थलांतराचे वर्ष एकच असूनही हेन्री यांच्या इंग्रजीतला जर्मन हेल अखेरपर्यंत टिकला, तर वॉल्टर यांच्या बोलण्यात तो फारसा उरला नाही. एका वर्षाच्या अंतराने एवढा फरक पडावा हे मला पटत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या ५० जपानी प्रौढांवर स्लेव्हक आणि मियाके या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, येतानाचे वय आणि वास्तव्याचा काळ हिशेबात घेतल्यावर, ज्यांची संगीताची जाण चांगली त्यांना इंग्रजी ध्वनी अधिक अचूक ऐकता आणि उच्चारता येत होते. म्हणून माझे मत असे की, उच्चार घडतो तो मुख्यतः व्यक्तीच्या कानावर, नकलेच्या हातोटीवर आणि चुकताना न संकोचणाऱ्या स्वभावावर.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवताना मला दिसते की, ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या दोन वेगळ्या ‘च’मधला फरक हिंदी भाषक विद्यार्थ्यांच्या प्रथम कानावरच येत नाही, मग तो गाणारा असो, बोलका असो वा बुजरा. आपणही इंग्रजीतल्या पश्चिमेला (west) आणि बनियनला (vest) एकाच ‘व’ने ‘वेस्ट’ म्हणतो, यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. मातृभाषा दोन परके ध्वनी एकाच कप्प्यात टाकते आणि तिथेच बहुतेक गोष्टी ठरून जातात.

धागाकर्ता : कोणता ध्वनी अवघड जाणार हे मातृभाषा ठरवते, हे मला मान्यच आहे. पण त्या अडचणीतून बाहेर कोण पडतो, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या एकाच वर्गातल्या, एकाच मातृभाषेच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला महिन्याभरात ‘ळ’ साधतो आणि दुसरा वर्षानंतरही ‘बाल’च म्हणत राहतो, असे होत नाही का?

प्रतिसाद १ : होते, परंतु त्याचे श्रेय लगेच स्वभावाला देऊ नये. माझ्या ज्या विद्यार्थिनीचा ‘ळ’ सर्वांत आधी सुधारला तिचे सासर कोल्हापूरचे, आणि दिवसभर तिच्या कानांवर मराठीच पडे. ज्याचा सुधारला नाही त्याच्या कार्यालयात मराठी कोणी बोलतच नसे. आपण ज्याला उपजत गुण समजतो ते अनेकदा सहवासाचे फळ असते.

प्रतिसाद २ : दोघांनीही जोसेफ कॉनरॅडचा विचार करावा. विशीत इंग्रजी शिकलेला हा पोलिश लेखक इंग्रजी गद्याचा श्रेष्ठ कारागीर झाला, अनेक दशके इंग्लंडमध्ये राहिला, तरी त्याच्या बोलण्यातला पोलिश हेल गेला नाही. सहवास होता आणि भाषेची जाणही असामान्य होती, म्हणजे उच्चाराचे सामर्थ्य हे निराळेच अंग असावे.

प्रतिसाद १ : कॉनरॅडपुढे माझे सहवासाचे स्पष्टीकरण अपुरे पडते, हे मी मान्य करते. तरीही वर्गात मी विद्यार्थ्याचा स्वभाव बदलू शकत नाही. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला कसे लावायचे, एवढे मात्र दाखवू शकते, आणि त्यातून लाजरा विद्यार्थीही ‘बाळ’ म्हणू लागलेला मी पाहिला आहे.